अर्ज मागे घेतला

फोनवरचा आवाज ओळखीचा नव्हता, तिथेच बाई सावध झाल्या.

गृहकर्ज नियामकाच्या कचेरीत त्या तपासणी अधिकारी होत्या. घरासाठी कर्ज देणाऱ्या प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा आपल्याकडे आलेल्या सगळ्या अर्जांची माहिती या कचेरीला कळवायची, असा कायदा. नुसते मंजूर झालेले अर्ज नव्हेत. नाकारलेलेही, आणि अर्जदाराने स्वतःच मागे घेतलेलेही. घर कुठल्या भागातलं, मागणारं कोण, निकाल काय लागला आणि का लागला. एखाद्या वस्तीला एखादी कंपनी गुपचूप वाळीत टाकत असेल, तर ते या आकड्यांत दिसावं, हा हेतू. बाईंच्या हातून चुकीचा आकडा सुटत नसे, म्हणून सहकारी पाठीमागे त्यांना ‘चाळणीबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. समोर कुणी फारसं बोलतच नसे, तेव्हा निदान पाठीमागे तरी आपल्याला एक नाव आहे, याचं त्यांना बरंच वाटे.

“मॅडम, मी कंपनीचा व्यवस्थापक बोलतोय. यंदाची माहिती पाठवायला जरा मुदत हवी होती.”

“दरवर्षी तुमचे माहितीवाले फोन करतात. ते कुठे आहेत?”

पलीकडे कुणीतरी घसा खाकरला.

“ते गेले, मॅडम.”

“कुठे गेले?”

“म्हणजे... वारले. एका रिकाम्या घराच्या जिन्यावरून पडले. पोलीस म्हणतात, अपघात.”

बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग उगाचच पुन्हा उचलली.

‘नमस्कार, माहिती विभाग.’ तो माणूस फोनवर असंच म्हणायचा. जणू पाठीमागे मोठा विभाग बसलाय. प्रत्यक्षात तो विभाग म्हणजे तो एकटाच. दरवर्षी याच सुमाराला, दुपारच्या सुट्टीत, त्याचा फोन यायचा. ‘आत्ता सगळे बाहेर जेवायला गेलेत, शांतता आहे,’ असं म्हणून तो आकडे वाचून दाखवायचा, आणि मधेच, ‘थांबा हं, डब्याचं झाकण लावतो.’ दुरुस्त्या संपल्या की बोलणं थोडं इकडेतिकडे जायचं. बाईंचा गुडघा. त्याच्या खोलीतला गळका नळ, आणि तो दुरुस्त न करणारा घरमालक. एका वर्षी त्यांची कचेरी सगळ्यात वरच्या मजल्यावर गेली, तेव्हा म्हणाला होता, ‘लोक म्हणतात, इथून काय सुरेख दिसतं! मी आपलं कपाट ओढून खिडकीपुढे लावलंय.’ बाई हसल्या होत्या.

दोघांची भेट कधीच झाली नव्हती. बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी परदेशात. तिचा फोन यायचा, पण ‘आई, ठेवते हं, दुसरा फोन येतोय’ या वाक्यापर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागत नसे. आकड्यांच्या या दिवसांत बाई जेवढं बोलत, तेवढं उरलेल्या वर्षात कुणाशी बोलत नसत. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला?

गेल्या आठवड्यातला त्याचा शेवटचा फोन त्यांना शब्दन् शब्द आठवला.

‘मॅडम, “अर्जदाराने अर्ज मागे घेतला” असं लिहिलेलं असलं की तुम्ही पुढे काही तपासता का?’

‘नाही. ज्याचा त्याने मागे घेतला, त्यात कंपनीचा काय दोष?’

‘अगदी बरोबर. म्हणूनच तर...’

‘म्हणूनच काय?’

‘काही नाही. आधी मी एकदा विचारून बघतो. मग सांगतो तुम्हाला.’

“मॅडम, ऐकताय ना?” व्यवस्थापक विचारत होता. “मुदतीचं काय?”

“मुदत देते,” बाई म्हणाल्या. “पण मी स्वतः येते.”

*

पोलीस निरीक्षकाला सर्दी झाली होती. दर दोन वाक्यांनंतर तो रुमाल शोधत होता.

“तुम्ही त्यांच्या कोण?”

“कोणी नाही.”

“मग?”

“ते मला दरवर्षी फोन करायचे.”

निरीक्षकाने नाकाला लावलेला रुमाल तसाच ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे सरकवली.

“बसा. तसं विचारायला तुम्हीच पहिल्या आलात. एक चुलतभाऊ आहे दूर कुठेतरी. त्यानं कळवलं, तुम्हीच उरकून घ्या.”

“काय झालं नेमकं?”

“जुन्या गोदामामागे एक गल्ली आहे. बहुतेक घरं रिकामी. त्यातल्या एका घराच्या मागच्या अंगणात बाहेरून वर जाणारा लोखंडी जिना आहे. वरचा कठडा मोडलाय. सकाळी विजेचं मीटर वाचायला माणूस गेला, त्याला जिन्याखाली हे दिसले. डोक्याला मागून मार. आदल्या संध्याकाळी पडले असणार.”

“ते तिथे कशाला गेले होते?”

“कुणास ठाऊक. शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहतात, अख्ख्या गल्लीत तेवढ्याच. त्यांना विचारलं, कुणी अनोळखी माणूस आलेला दिसला का? नाही म्हणाल्या. म्हणजे हे एकटेच.” तो जरा घुटमळला. “आणि एकटी माणसं, मॅडम... कधी कधी मुद्दामसुद्धा वर जातात.”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही त्यांना ओळखत होता?”

“मला ती जागा दाखवता का?”

निरीक्षक नाइलाजाने उठला.

गल्ली लांबलचक आणि स्वच्छ होती. ज्या गल्लीत कुणी राहत नाही ती स्वच्छच राहते. दगडी घरं, उंच चौकटी, आणि दारादारावर कुलूप. बाई चालता चालता कुलपं बघत होत्या. सगळी नवी, सगळी एकाच घडणीची, पितळी.

मागच्या अंगणात कपडे धुवायचा मोठा दगड होता. तिथून दोनेक हातांवर जिना सुरू होत होता. तळाच्या पायऱ्यांवर पोलिसांच्या बुटांचे चिखलाचे ठसे होते. त्याच्या वर कबुतरांनी इतक्या दिवसांत घातलेला पांढरा राखाडी थर, सुकून पापुद्र्यासारखा झालेला, थेट वरच्या मोडक्या कठड्यापर्यंत.

“तुम्ही वर गेला होतात?” बाईंनी विचारलं.

“वर काय आहे? पडले ते खाली.” निरीक्षक शिंकला. “आणि हा जिना माझं वजन पेलेल असं मला वाटत नाही.”

बाईंनी एक पाऊल पहिल्या पायरीवर ठेवलं. गुडघा कुरकुरला. त्यांनी पाऊल मागे घेतलं आणि धुण्याच्या दगडाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

*

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. आता म्हणायला फक्त त्यांचा भाचा उरला होता, आणि तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा.

“या, या. आत या. खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. पलंगावर बसा.” मावशींनी दार उघडून बाईंना जवळजवळ ओढूनच आत घेतलं. निरीक्षक चौकीवर परत गेला होता. “चहा टाकते. नाही म्हणू नका हं. मला एकटीसाठी टाकायचा कंटाळा येतो.”

“मावशी, त्या घरात जे गेले...”

“बिचारे. किती सज्जन माणूस. इथेच बसले होते, तुमच्याच जागेवर.”

बाई दचकल्या. “कधी?”

“त्या आधी दोन-चार दिवस. माझ्या भाच्याच्या अर्जाचं विचारायला आले होते.”

“कसला अर्ज?”

“शेजारचंच घर हो! भाचा ते विकत घेणार होता. म्हणाला, मावशी, भिंतीला भिंत लागून राहू, तू हाक मार, मी येतो. कर्जासाठी अर्ज केला. घर मोजायला माणसं आली, फिरली, बघून गेली. मग एक दिवस कंपनीतले साहेब आले. म्हणाले, घराची किंमत फार कमी लागलीय, कर्ज नाकारणारच. आणि एकदा नाकारलं की कागदावर डाग राहतो, पुढे कुठेच मिळत नाही. त्यापेक्षा तूच मागे घे. सही कर, मोकळा हो. आपल्या माणसासारखं काळजीनं सांगितलं त्यांनी.”

“आणि भाच्यानं सही केली.”

“केली. या गल्लीत बऱ्याच जणांनी केली. घ्यायला कुणी तयार होईना, मग घरमालकांनी मिळेल त्या किमतीला घरं काढून टाकली. कुणी घेतली, देव जाणे. राहायला तर कुणी आलंच नाही.” मावशींनी कपात चहा ओतला. “मी हे सगळं त्या माहितीवाल्यांना सांगितलं. ते म्हणाले, मावशी, तुमच्या भाच्यानं अर्ज मागे घेतला नाही, त्याच्याकडून तो घेववला.”

“पोलिसांनी तुम्हाला विचारलं होतं ना, कुणी दिसलं का?”

“विचारलं ना. अनोळखी कुणी आलं होतं का म्हणाले. मी म्हटलं, छे. अनोळखी माणूस या गल्लीत येईल कशाला? वाट चुकलेली मांजरं तेवढी येतात.”

बाईंनी चहा प्यायला. फार गोड होता. तरी त्यांनी दुसरा कप नको म्हटलं नाही.

*

कंपनीची कचेरी सगळ्यात वरच्या मजल्यावर होती. बाहेरच्या भिंतीला काचाच काचा. फक्त एका कोपऱ्यात एक जाडजूड लोखंडी कपाट खिडकी अडवून उभं होतं. त्याच्या आड एक टेबल, एक खुर्ची. टेबल कुणीतरी आवरून टाकलं होतं.

व्यवस्थापक बारीक अंगाचा, सतत घड्याळाकडे बघणारा माणूस होता.

“मॅडम, आकडे तयार आहेत. फक्त तुमच्याकडे पाठवायचे. दुःख आहेच, पण दंड नको बसायला.”

“गोदामामागच्या गल्लीतले किती अर्ज नाकारलेत?”

“एकही नाही!” तो अभिमानाने म्हणाला. “आमची कंपनी भेदभाव करत नाही.”

“मंजूर किती?”

तो घड्याळाकडे बघू लागला. “ते... लोकांनीच मागे घेतले. त्याला आम्ही काय करणार?”

“माहितीवाले याबद्दल तुमच्याशी बोलले होते?”

“माझ्याशी? ते कुणाशीच बोलत नसत, मॅडम. सकाळी यायचे, संध्याकाळी जायचे.”

मग आला कर्ज अधिकारी. अर्जदारांना भेटणं, कागद पुरे करून घेणं, निकाल सांगणं हे त्याचं काम. दीड-दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या शाखेतून इथे आलेला. हसरा, तरतरीत, बोलायला लाघवी. त्याने आधी बाईंसाठी पाणी मागवलं, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती म्हणून पडदा ओढला आणि मगच समोर बसला.

“फार वाईट झालं. आमचं खूप जमायचं,” तो म्हणाला. डोळे खरोखरच ओले झाले होते.

“तुमच्याशी बोलायचे ते?”

“माझ्याशीच बोलायचे. आम्ही दुपारी गच्चीवर एकत्र डबा खायचो. त्यांना तिथे फार आवडायचं. कठड्याशी उभे राहून तासन्‌तास खाली बघायचे. मला तेव्हाच भीती वाटायची, मॅडम. मनात काहीतरी खूप साचलं होतं त्यांच्या.”

“असं?” बाई म्हणाल्या. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. “गल्लीतले अर्ज मागे का घेतले गेले?”

“घराची किंमतच कमी लागली, तर कर्ज कसं देणार? ते मूल्यांकनकारांना विचारा. मी तर लोकांच्या भल्याचंच सांगितलं.”

मूल्यांकनकार म्हणजे कर्ज देण्याआधी घर बघून त्याची किंमत ठरवणारा. हा कंपनीचा नोकर नव्हता, बाहेरचा होता. राकट, मोठ्या आवाजाचा, खिशात मोजपट्टी. बसा म्हटलं तरी बसला नाही.

“त्या गल्लीतल्या घरांच्या किमती तुम्हीच पाडल्यात ना?”

“कोण म्हणतं?” तो एकदम चढला. “अहो, पाया बघा, भिंती बघा! आज तसं बांधायचं म्हटलं तर कुणाची छाती होणार नाही. मी चांगली सणसणीत किंमत लिहिली. पुढे यांनी काय दिवे लावले ते मला माहीत नाही. मला मोजणीच्या कामाशी मतलब.”

“मग त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होता?”

“दुसऱ्या गावात. घर मोजत. आणखी कुठे असणार?”

दार आपटून तो निघून गेला. व्यवस्थापक कुजबुजला, “जरा तिरसटच आहे. आणि मॅडम, त्या गल्लीची खडान्‌खडा माहिती त्याला आहे. बघा तुम्ही.”

*

संध्याकाळी बाई आपल्या घरी आल्या. कुलूप उघडलं, दिवा लावला, चप्पल जागेवर ठेवली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एकच खुर्ची बाहेर ओढलेली होती, सकाळी ओढली होती तशीच. घरात दुसरं कुणी नसलं की वस्तू आपण ठेवल्या तिथेच राहतात.

त्या भात कुकरला लावत होत्या आणि मावशींच्या बोलण्याचा विचार करत होत्या. अनोळखी माणूस या गल्लीत येईल कशाला?

पण एक माणूस तर आला होता. तो मेलेला सापडला. मावशींनी त्याला पाहिलं असलं, तरी ‘नाही’ असंच सांगितलं असतं. कारण तो अनोळखी नव्हता. तो आधी त्यांच्या पलंगावर बसून चहा पिऊन गेला होता.

बाईंचा हात कुकरच्या झाकणावर थांबला.

मग त्यांनी निरीक्षकाला फोन लावला.

“तुमचा प्रश्न चुकला,” त्या म्हणाल्या.

“कुठला प्रश्न?” निरीक्षकाचा आवाज नाकातून येत होता.

“उद्या सांगते. सकाळी दोन कामं करा. वजनानं हलका असा एखादा शिपाई घेऊन जिन्याच्या वरच्या पायऱ्या नीट बघा. आणि गल्लीतली घरं कुणाच्या नावावर झालीत ते काढा. कुलपं सगळी एकसारखी आहेत. मग व्यवस्थापक, कर्ज अधिकारी आणि मूल्यांकनकार, तिघांनाही त्या अंगणात बोलवा.”

“मॅडम, तुम्ही आकडे तपासता ना?”

“तेच तर करतेय,” बाई म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे अंगणात उभे होते. व्यवस्थापक घड्याळाकडे बघत होता. मूल्यांकनकार भिंतीवर बोटं वाजवून दगड तपासत होता. कर्ज अधिकाऱ्याने बाईंना बसायला कुठूनतरी एक स्टूल आणून दिलं. बाई बसल्या नाहीत.

“माहितीवाले या जिन्यावरून पडले असं आपण सगळे समजत होतो,” त्यांनी सुरुवात केली. “ते चढलेच नव्हते.”

निरीक्षकाने मान हलवली. “तळाच्या पायऱ्या सोडल्या तर जिन्यावर कबुतरांच्या घाणीचा थर आहे, आणि तो कुठेही मोडलेला नाही. आज आमचा शिपाई चढला, तर प्रत्येक पावलाला पापुद्रा फुटत होता. त्याआधी तिथे कुणी पाय ठेवलेला नाही. ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी बघायला हवी होती.”

“चढणारही नव्हते,” बाई म्हणाल्या. “त्यांना उंचीची भीती होती. कचेरी वरच्या मजल्यावर गेली तेव्हा त्यांनी कपाट ओढून खिडकी झाकून घेतली. ते कपाट अजून तिथेच आहे. तुम्ही रोज बघता.”

“मी म्हटलं, ऊन लागतं म्हणून लावलं असेल,” व्यवस्थापक पुटपुटला.

“तेव्हा ते खाली, इथेच पडले. धुण्याच्या दगडावर. आणि कुणीतरी त्यांना जिन्याखाली ओढलं. ज्याला त्यांच्या भीतीची गंधवार्ता नव्हती, अशा कुणीतरी.” बाई कर्ज अधिकाऱ्याकडे वळल्या. “तुम्ही काल म्हणालात, तुम्ही दोघं गच्चीवर डबा खायचा.”

“हो. कितीदा तरी.”

मूल्यांकनकार मोठ्याने हसला. “तो? गच्चीवर? अहो, लिफ्टमध्ये पाठीमागे काच आहे, तर तो डोळे मिटून दाराला चिकटून उभा राहायचा! मी एकदा थट्टा केली होती, तर आठवडाभर जिन्यानं आला.”

“ते टेबलाशीच जेवायचे,” बाई म्हणाल्या. “तुम्ही सगळे बाहेर गेलात की. मला फोनवर डब्याचं झाकण ऐकू यायचं. तुम्ही बेधडक थाप मारलीत, कारण ती पकडणारं कुणी असेल असं तुम्हाला वाटलंच नाही. त्यांच्याबरोबर कधी कुणी जेवायला बसलंच नव्हतं.”

कर्ज अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून होतं, पण ते आता नुसतं तिथे राहून गेलं होतं.

“एखाद्याबद्दल दोन चांगले शब्द बोललो, तर तो गुन्हा झाला का?”

“नाही. पण किंमत कमी लागली असं तुम्ही लोकांना सांगितलंत. किंमत भरपूर लागली होती.” मूल्यांकनकाराने जोरात मान डोलावली. बाई पुढे म्हणाल्या, “अर्ज नाकारले असते तर कारण लिहावं लागलं असतं. एकाच गल्लीतले इतके नकार माझ्या टेबलावर आले असते, आणि मी विचारलंच असतं. म्हणून तुम्ही नाकारले नाहीत. लोकांकडूनच मागे घेववलेत, तेही त्यांचे आभार घेऊन. कंपनीनं मला पाठवलेला एकही आकडा खोटा नव्हता. कर्ज मिळत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक तुटलं, घरं मातीमोल झाली.”

“आणि ती सगळी एकाच माणसानं घेतली,” निरीक्षक म्हणाला. “तुमच्या सासऱ्यांनी. सकाळीच चौकशी केली. ही पितळी कुलपं त्यांच्या दुकानातली.”

“सासऱ्यांचा व्यवहार सासऱ्यांचा! मी त्या दिवशी इकडे फिरकलोसुद्धा नाही. विचारा कुणालाही. पोलिसांनी चौकशी केली ना? कुणी दिसलं का कुणाला?”

“कुणी अनोळखी दिसलं का, असं विचारलं होतं,” बाई म्हणाल्या.

तेवढ्यात बाजूच्या फाटकातून मावशी आल्या. हातात ताट, ताटात कप. एवढी माणसं आपल्या शेजारी जमलेली बघून त्यांचा चेहरा उजळला होता.

“उन्हाचे उभे आहात सगळे. घ्या, घ्या.” एकेकाला कप देत त्या कर्ज अधिकाऱ्यापाशी आल्या आणि थांबल्या. “अगंबाई, साहेब! त्या दिवशी कसे हो इतक्या घाईत गेलात? ते माहितीवाले आणि तुम्ही दोघं आत गेलात, मी चहा टाकला, बाहेर येऊन बघते तर तुम्ही एकटेच भराभरा निघालेले. हाका मारल्या तर वळूनसुद्धा बघितलं नाहीत. दोन कप वाया गेले.”

छपरावर कबुतरं घुमत होती.

कर्ज अधिकाऱ्याने पुढे केलेला हात तसाच राहिला. मावशींनी त्यात कप ठेवला आणि तो खाली पडून फुटला.

“मला त्यांना मारायचं नव्हतं,” तो म्हणाला. आवाज एकाएकी पोरका झाला होता. “त्यांनीच बोलावलं मला इथे. म्हणाले, मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही स्वतः जाऊन सांगा, म्हणजे दुरुस्ती धरली जाईल. वर हेही म्हणाले, त्या बाई कडक आहेत, पण दुरुस्तीची संधी देतात. मी हाता-पाया पडलो. ते ऐकेनात. मी ढकललं. एकदाच. डोकं दगडावर आपटलं.”

बाईंनी मान फिरवली. दरवर्षी त्या फोनवर तेच सांगायच्या. चूक असेल तर आधी स्वतः दुरुस्त करा, मी त्यानंतरच शेरा लिहीन. त्या माणसाने ते मनावर घेतलं होतं, आणि दुसऱ्यालाही तेवढीच सवलत देऊ केली होती. ‘आधी मी एकदा विचारून बघतो’ म्हणाला होता, ते याला.

निरीक्षकाने कर्ज अधिकाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. मावशी सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

“मी काही चुकीचं बोलले का हो?” त्यांनी विचारलं.

*

नियामकाने कंपनीला त्या गल्लीतले सगळे अर्ज पुन्हा उघडायला लावले. घरांचे व्यवहार न्यायालयात अडकले, ते सुटायला वेळ लागणार होता. भाच्याचा अर्ज मात्र पुन्हा दाखल झाला. मागे घेतलेल्या अर्जांचीही इथून पुढे चौकशी व्हावी, असा प्रस्ताव बाईंनी लिहिला. वरिष्ठांनी तो ठेवून घेतला आणि बघू म्हणाले.

एका सुट्टीच्या दिवशी बाई मावशींकडे गेल्या. भाच्याचा अर्ज कुठवर आला ते सांगायला, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. ते सांगून झालं. मग दोघी नुसत्याच बसल्या.

“मावशी,” बाईंनी शेवटी विचारलं, “ते दिसायला कसे होते?”

“कोण? माहितीवाले?” मावशींना नवल वाटलं. “तुमच्या कचेरीतले ना ते?”

“नाही. मी त्यांना पाहिलंच नाही कधी. गेल्यावरसुद्धा नाही पाहिलं. निरीक्षक विचारत होते. मीच नको म्हटलं.”

मावशींनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग पलंगावर मांडी घालून सरसावून बसल्या.

“ठेंगणे. केस मागे वळवलेले, पण एक बट ऐकायची नाही, कपाळावर यायचीच. बोलताना कानाची पाळी चोळायचे. हसायचे उशिरा, म्हणजे तुम्ही काही बोललात की दोन क्षण विचार करून मग. आणि निघता निघत नव्हते हो. दारापर्यंत जायचे, ‘येतो’ म्हणायचे, मग तिथेच उभे. काहीतरी आठवायचं, पुन्हा बोलायचे. तीनदा ‘येतो’ म्हणाले त्या दिवशी.”

“शेवटी गेले कसे?”

“मी म्हटलं, पुन्हा या. मग गेले.”

बाहेर ऊन कलत होतं. गल्लीत पावलांचा आवाज नव्हता. शेजारच्या भिंतीपलीकडे एखादं दार वाजेल, कुणी हाक मारेल, याला अजून अवकाश होता.

बाईंनी पिशवी उचलली. पदर सारखा केला. “येते, मावशी,” त्या म्हणाल्या, आणि तशाच बसून राहिल्या.